लाल मलमाचा हिवाळा

हिवाळा लागला की ते मलम घट्ट होतं. बुटकी काचेची बरणी, पांढरं झाकण, झाकणावर मला न वाचता येणारी अक्षरं. तळाशी थोडंसं मलम उरलं आहे. एरवी ते काळपट दिसतं, बरणी खिडकीच्या उजेडात धरली की लाल. मी ती स्वयंपाकघरात अगदी वरच्या फळीवर, तेलाच्या डब्यापासून लांब ठेवतो. त्याला कारण आहे.

आमचं घर शहाद्याजवळ, पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याला. कारखान्याचं गळीत सुरू झालं की दारावरून उसाचे ट्रॅक्टर जातात आणि हवेत मळीचा आंबूस वास भरून राहतो. पाहुण्यांना तो सहन होत नाही. मला तो आला की वाटतं, आत खुर्चीवर कुणीतरी बसलेलं असेल. त्याच दिवसांत, दोन हिवाळ्यांपूर्वी, माझ्या बायकोची जखम भरत नव्हती.

तिचं पिशवीचं ऑपरेशन नंदुरबारला झालं होतं. चांगलं झालं. टाके काढले, आम्ही घरी आलो, आणि थोड्याच दिवसांत टाक्यांच्या रेषेचं खालचं टोक उघडलं. त्यातून पाणी यायला लागलं. तिला साखर होती. डॉक्टर म्हणाले, साखरेच्या माणसाची कातडी आळशी असते, तिला वेळ द्यावा लागतो. मग रोजचं ड्रेसिंग, गोळ्या, इन्सुलिन, आणि एक ताकीद: पोटाला पाणी लागता कामा नये. आंघोळ नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसायचं.

दुखणं तिनं मुकाट्यानं सोसलं. तिला टोचली ती ही ताकीद.

तिचा एक नियम होता. "आंग धोवाशिवाय मी चुलाजोडे जास नही." लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा खरोखरची चूल होती. नंतर गॅस आला, पण नियम चुलीचाच राहिला. थंडी असो, ताप असो, डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय तिनं कधी काडी ओढली नाही. म्हसावदला तिच्या माहेरी तिच्या आईचंही असंच होतं. याहून वेगळं कारण तिला सांगता येत नसे आणि तिला त्याची गरजही वाटत नसे. आमच्या मुलीनं फोनवर समजावून पाहिलं की जखमेवर प्लास्टिकची पट्टी चिकटवून आंघोळ करता येते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोट कोरडं ठेवीसन आंघोळ? ते तं भांडं इसळनं व्हयनं."

म्हणजे ती स्वतःच्या स्वयंपाकघरात गेली नाही. उंबऱ्याच्या अलीकडे एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि तिथे बसून राहिली. तिला एवढंच हवं होतं: जखम भरावी, डोक्यावरून बादलीभर पाणी घ्यावं, आणि तो उंबरा ओलांडावा. तपासणीला गेलो की जखम किती भरली असं ती डॉक्टरांना कधी विचारत नसे. ती विचारायची, "पाणी केव्हा?"

पहिले काही दिवस शेजारून डबे आले. मग तिनंच ते बंद करवले. लोकांच्या घरचं मीठ किती दिवस खायचं, म्हणाली. माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तक मिटलं.

मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. निवृत्त झाल्यावर वाचनाशिवाय मला काही येत नव्हतं. चहा करता यायचा, तोही ती घरी नसली तर. आता ती खुर्चीतून सांगायची आणि मी करायचो.

"तेल तपू द्या."

"तपलं."

"नही तपं. मोहरी टाका एक. एकच. काय म्हनस ती?"

मोहरी काहीच म्हणत नसे. ती तळाशी जाऊन बसायची.

"दखा. तुम्हनासारखीच शे. बोलत नही. आजून थांबा."

मग मोहरी तडतडायची आणि माझी धांदल उडायची. हिंग कुठे, हळद कुठे, डबा उघडत नाही, फोडणी जळते आहे. "नुसतं दखी काय ऱ्हायनात, हालवा ना!" ती खुर्चीतून अर्धी उठायची, मग पोटावर हात दाबून परत बसायची. सगळं होऊन झाकण ठेवलं की शेवटी न चुकता विचारायची, "मीठ टाकं का?" बहुतेक वेळा टाकलेलं नसायचं.

आयुष्यभर वर्गात मी प्रमाण मराठी बोललो. घरी ती अहिराणी बोलायची आणि मी अर्धं तिच्यासारखं, अर्धं पुस्तकासारखं उत्तर द्यायचो. गॅससमोर मात्र पुस्तकातलं काही सुचत नसे. भाजी खाली लागली की माणूस ज्या भाषेत ओरडतो तीच त्याची भाषा, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. संसारात बोलणं होतं ते कामाचं: दळण, शेताचा वाटेकरी, मुलीची फी. आता भाजी शिजेपर्यंत दोघांनाही जागचं हलता येत नसे, मग ती बोलायची. लहानपणी तोरणमाळला जाताना जीपमध्ये घाटात किती वेळा गाडी थांबवावी लागली होती ते. वर पोचल्यावर तळ्याचं पाणी पाहून बरं वाटलं होतं ते. बापाची एक म्हैस फक्त तिलाच पान्हा सोडायची ते. एकदा म्हणाली, "लगीनमां मी समजनी, नवरदेव मुका शे."

"मग?"

"मंग काय. मुका नही, मास्तर निघना."

आमची मुलगी तेव्हा चीनमध्ये डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. इकडची बरीच मुलं तिकडे शिकायला जातात, तशीच तीही गेली होती. परीक्षा आणि दवाखान्यातल्या ड्युट्या यांतून तिला येता येत नव्हतं, आणि ते तिला फार लागलं होतं. ती रोज व्हिडिओ कॉल करून जखम पाहायची. "पप्पा, फोन जवळ घ्या. एवढा नाही. हलवू नका हो." दोन हजार कोसांवरून ती आईच्या पोटात डोकावायची आणि मी फोन धरून वाकून उभा राहायचो.

तिनंच त्या मलमाचं सांगितलं. तिच्या दवाखान्यात त्यांच्या जुन्या वैद्यकीचा वेगळा विभाग होता. खालच्या मजल्यावर ऑपरेशनं होतात, वरच्या मजल्यावर मुळ्या उकळतात, आणि रोगी एकाच लिफ्टनं दोन्हीकडे जातो, असं ती म्हणायची. ऑपरेशनची जखम रेंगाळली की तिथे तिळाच्या तेलात मुळ्या मंद तळून, गाळून, त्यात मेण घालून केलेलं मलम लावतात. त्यातल्या एका मुळीनं ते लाल होतं. तिचे तिथले एक वयस्क शिक्षक म्हणाले होते की जखम वरून मिटवायची नसते, तळातून मांस वर यावं लागतं. मलम ती जागा ऊबदार ठेवतं, बाकी शरीर करतं. "पण आधी आपल्या डॉक्टरांना विचारा," तिनं बजावलं. "ते नाही म्हणाले तर बरणी उघडायची नाही."

धुळ्याकडची तिची एक मैत्रीण सुट्टीत घरी येत होती, तिच्याबरोबर बरणी आली. सोबत वाळवलेल्या लाल फळांची पिशवी होती. अशक्त माणसाला ती सुपात घालून देतात म्हणे. बायकोनं एक फळ हातात घेऊन फिरवून पाहिलं. बांधावरच्या बोरासारखंच, पण अंगानं तिप्पट.

"हाई तं आपलं बोर शे," ती म्हणाली. "परदेशमां जाईसन जाड व्हयी गयं."

मग तिनं बरणीचं झाकण काढून वास घेतला आणि तिचा चेहरा सैल झाला. तिळाच्या तेलाचा वास होता, खाली मेणाचा. तिला वाटलं होतं काहीतरी अनोळखी निघेल.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी बरणी हुंगली, अक्षरांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मुलीशी फोनवर बोलले. मग म्हणाले, "उघड्या जखमेत हे जाता कामा नये. तिथलं माझं मी बघतो. कडेची कातडी मिटत आलीय, कोरडी पडून ओढतेय, तिथे पातळ लावा. तेल-मेणाला माझी हरकत नाही. फक्त इथे यायच्या दिवशी लावू नका. लाल दिसलं तर रक्त कुठलं आणि मलम कुठलं, मला कळायचं नाही." आणि निघताना पुन्हा, "साखर सांभाळा. खरं औषध ते आहे."

रोज संध्याकाळी मी ते लावायचो. खिडकीशी कॉट ओढली होती. ती छताकडे पाहत पडायची आणि मी बोटाच्या टोकावर थोडं मलम घेऊन, गॉज चुकवून, कडेकडेनं फिरवायचो. इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्याकडे असं उजेडात, इतका वेळ पाहिलं नव्हतं. तिलाही ते जाणवत असावं. ती काहीतरी बोलत राहायची, बहुधा उद्याच्या भाजीचं. आता बोट कोरडं असतं तेव्हा मला त्या गुळगुळीतपणाची आठवण येते. आठवण बोटालाही येते.

थंडी वाढली तसं मलम घट्ट झालं. खरवडून लावलं तर कातडी ओढली जायची. तिनं उपाय सांगितला, तुपाचा असतो तोच. चमचाभर मलम स्टीलच्या वाटीत घ्यायचं आणि वाटी गरम पाण्यात ठेवायची. मी ती गॅसच्या बाजूला ठेवू लागलो. पातळ झालं की लालभडक दिसायचं.

आणि थंडीत आमच्याकडे संध्याकाळी खिचडी असते. खिचडीवर तेल लागतंच. लसूण-तिखटाची कढवलेली लाल तर्री वाटीत काढून ठेवायची आणि वाढताना गरम खिचडीवर ओतायची.

त्या संध्याकाळी माझी मोठी बहीण आली होती. तिला आम्ही जिजी म्हणतो. ती दोंडाईच्याला राहते, एकटी. वहिनीचा समाचार घ्यायला ती अधूनमधून यायची आणि आली की सगळ्यांना फैलावर घ्यायची. आल्या आल्या बसमधल्या धुळीसकट ती सरळ स्वयंपाकघरात शिरली, पाणी प्यायली, आणि उंबऱ्यावर बसलेल्या वहिनीला म्हणाली, "तू काय दरबान बठनी का व इठे? मी तं आंग धोयेल नही. चूल इझी गई का?"

बायको नुसती हसली. मोठ्या नणंदेला ती उलट बोलत नसे.

मग जिजीनं बरणी पाहिली. "चीननं औषध? तठलं खेळनं दोन दिन टिकस नही, आनि तू ते पोटले लावस?"

"पोरीनं पाठवलंय, जिजी," मी म्हणालो.

"पोर तठे जाईसन चिनी व्हयी गई. तू तं मास्तर शे ना रे भाऊ?"

मी पानं घेतली. बायकोचं ताट तिच्या खुर्चीपाशी स्टुलावर, जिजीचं आत पाटाशी. जिजीला आधी वाढलं. खिचडी, पापड, आणि वाटीतलं लाल तेल, चांगलं सढळ हातानं, कारण कंजूष वाढलं तर ती ते वर्षभर बोलून दाखवते. तिनं कालवलं, घास घेतला. दुसरा घेतला. मान हलवली.

"तेल मस्त शे रे भाऊ," ती म्हणाली. "पन लसूण कोठे गया?"

मी वाटीकडे पाहिलं. लसूण नव्हता. गॅसच्या पलीकडे दुसरी वाटी होती, तिच्यात लसूण होता.

"आनि ताटले हाई काय चिकटनं? मेनबत्तीना मायक."

उंबऱ्यावरून माझ्या बायकोनं एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. "जिजी, थांबा!" ती ओरडली. "ते खाऊ नका! ते मन्हा पोटनं शे!"

जिजीचा हात तोंडापाशी थांबला. मग जिजीनं ताटाकडे पाहत, अगदी शांतपणे विचारलं, "म्हंजे मी काय खाई ऱ्हायनू?"

बायको हसायला लागली. आधी नुसती खांदे हलवत, आवाज न करता, मग थांबवता येईना. दोन्ही हातांनी पोट दाबून ती खुर्चीत वाकली. "माय व, दुखी ऱ्हायनं, माले हासाडू नका," असं म्हणत रडेपर्यंत हसत राहिली. मी उशी आणून तिच्या पोटाशी धरली. जिजी आधी मला शिव्या देत होती, मग तीही हसू लागली. मी एका हातानं उशी दाबून धरली होती, दुसऱ्या हातानं मुलीला फोन लावत होतो आणि मनातून घाबरलो होतो की जखम आता उलते की काय.

मुलीनं सगळं ऐकलं. "पप्पा, तुम्ही खरंच..." एवढंच आधी म्हणाली. मग कामाचं बोलली. बरणीवरची अक्षरं कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, एकेक वाचली. तेल, मेण, दोन मुळ्या. दोन घासांनी काही होणार नाही, पण आत्याला उलटी किंवा पोटदुखी झाली तर लगेच शहाद्याला न्या. "आणि मम्मीची जखम दाखवा आधी."

जखम होती तशीच होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनीही पाहिली. जिजीलाही काही झालं नाही. सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "मन्ही आतली जखम भरी गई व्हई." ती तरुणपणीच एकटी पडलेली बाई आहे. असं काही ती सहसा बोलत नाही. बायकोनं तिच्या हातावर हात ठेवला.

त्यानंतर जखम भरत गेली. मलमानं भरली, साखर उतरली म्हणून भरली, की रोजच्या ड्रेसिंगनं, मला सांगता येणार नाही. मुलगी शिकलेली आहे, तीही ठाम सांगत नाही. जिजी म्हणते, खिचडीनं. एवढं खरं की खड्डा तळातून वर आला, त्या शिक्षकांनी म्हटलं होतं तसा, आणि एका सकाळी डॉक्टर हातमोजे काढत बायकोच्या आधीच म्हणाले, "पाणी आजपासून."

घरी आल्यावर मी बंब पेटवला. ती आत गेली, दार लावलं. मी बाहेर ओट्यावर बसलो. तांब्या बादलीत बुडायचा, मग डोक्यावरून पाणी पडायचं, मग थोडं थांबून पुन्हा. मधे एकदा खूप वेळ काहीच ऐकू आलं नाही, मी उठून दाराशी गेलो, तर आत ती गुणगुणत होती. मी परत येऊन बसलो. बंबातलं सगळं पाणी संपेपर्यंत ती न्हात होती.

ओले केस पाठीवर टाकून ती बाहेर आली आणि उंबरा ओलांडून आत गेली. आधी गॅसच्या शेगडीला हात लावून कपाळाला लावला. मग डबे पाहिले. "हळदना डबामां धना?" पुढचा तासभर ती मी लावलेलं सगळं पुन्हा तिच्यासारखं लावत होती. मी दारात घुटमळलो. फोडणी मी टाकू का, असं विचारणार होतो.

"तुम्ही आते बाहेर बठा," ती म्हणाली, मायेनंच. "वाचा काहीतरी."

मी खुर्ची उचलून ओट्यावर नेली आणि वाचायला घेतलं. आतून मोहरी तडतडली. सगळं बरं झालं होतं. तरी ते पान पुढे सरकेना.

पुढचा हिवाळा आम्हाला पूर्ण मिळाला. मुलगी परत आली, इकडची परीक्षा द्यायला पुण्यात राहू लागली. घरात पुन्हा कामापुरतं बोलणं सुरू झालं. क्वचित मी उंबऱ्याशी जाऊन उभा राहायचो. "काय पाहिजे?" ती विचारायची. काही नाही म्हणायचो.

त्यानंतरच्या हिवाळ्याच्या तोंडावर, सकाळी, आंघोळ करून तिनं गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं आणि गॅसच्या ओट्याला टेकून खाली बसली. मी पोचलो तेव्हा आधण उकळत होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय.

अंगणात कापडाचा आडोसा करून बायकांनी तिला न्हाऊ घातलं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. तांब्या बुडायचा, पाणी पडायचं. मग जिजी आडोशातून बाहेर आली. हात ओले होते, ते तिनं पदराला पुसले नाहीत. माझ्याजवळ बसली.

"भाऊ, मी दखं," ती हळू म्हणाली. "काहीच नही ऱ्हायनं. नुसती रेघ शे. केसना मायक."

लोक तेव्हा पुष्कळ काही बोलले. मला एवढंच आठवतं.

आता माझा स्वयंपाक मीच करतो. आधी आंघोळ करतो. मला कुणी सांगितलेलं नाही, पण न्हाल्याशिवाय त्या शेगडीला हात जात नाही. झाकण ठेवलं की "मीठ टाकं का?" असं तोंडून निघतं, आणि बहुतेक वेळा टाकलेलं नसतं. खुर्ची मी उंबऱ्याशी परत नेली नाही. ती ओट्यावरच आहे, आल्यागेल्याला बसायला लागते.

गेल्या आठवड्यात जिजी आली. रस्ता ट्रॅक्टरांनी अडला होता, बसला उशीर झाला, ती दमली होती. मी खिचडी टाकली होती. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली, चपला काढल्या आणि पाणी प्यायला आत यायला निघाली. उंबऱ्यापाशी आली आणि थांबली.

"ये ना, जिजी. माठ भरलेला आहे."

"नको," ती म्हणाली. "आंग धोयेल नही मी. हाई वहिनीनी चूल शे."

मी तिला तांब्या बाहेर नेऊन दिला. मग बंब पेटवला, पाणी तापलं तशी बादली भरून ठेवली. ती आत गेली, दार लागलं. मी गॅसपाशी येऊन उभा राहिलो. खिचडी खाली लागू नये म्हणून हलवत होतो, आणि भिंतीपलीकडून पाणी पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं.